‘भीमायन’ : चौकटी नाकारणाऱ्या चित्रकथेबद्दल

जयंती जवळ आली की बाबासाहेबांवरच्या पुस्तिकांचे गठ्ठे दुकानांतून बाहेर येतात. पातळ कागद, मुखपृष्ठावर निळा कोट आणि वर केलेलं बोट, आत जन्म-शिक्षण-घटना-धर्मांतर अशी धावती जंत्री. मुलं ती स्पर्धेसाठी पाठ करतात आणि स्पर्धा संपली की विसरतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे मला या पुस्तिकांतल्या मजकुरापेक्षा चित्रांचा जास्त त्रास होतो. पन्नास वर्षं तेच चेहरे, त्याच पोझा. म्हणून ‘भीमायन’ या बाबासाहेबांवरच्या चित्रकथेबद्दल सविस्तर लिहायचं मनात होतं. पुस्तक नवं नाही, 2011 साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं काढलं. पण आपल्याकडच्या शिक्षकांना आणि पालकांना त्याचं नाव सांगितलं की बहुतेकांचे चेहरे कोरे असतात. अशी शाळा मला तरी माहीत आहे जिथं बाबासाहेबांवर चाळीस पुस्तकं आहेत आणि हे नाही.

चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या भोपाळमध्ये राहणाऱ्या परधान गोंड दांपत्याची. इंग्रजी शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. दुर्गाबाईंना 2022 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बातमी चार ओळींत आटोपली होती आणि त्यात या पुस्तकाचा उल्लेख मला दिसला नाही. वाईट वाटलं, कारण माझ्या मते भारतात चित्रकथेच्या माध्यमात झालेल्या मोजक्या मोठ्या कामांपैकी हे एक आहे.

आधी गोष्ट कुठली ते सांगते. हे बाबासाहेबांचं सबंध चरित्र नाही. त्यांनी 1935-36 च्या सुमारास आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या, त्या महाराष्ट्र शासनाच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात छापलेल्या आहेत. त्यांचाच आधार घेऊन पुस्तकाचे तीन भाग केलेत : पाणी, निवारा, प्रवास. माणसाला जगायला लागणाऱ्या अगदी प्राथमिक गोष्टी, आणि त्या प्रत्येकीच्या दारात जात उभी. ही मांडणीच मला फार नेमकी वाटते. तारखांच्या मागे लागलं की अस्पृश्यता हा इतिहासाच्या पेपरातला एक प्रश्न होऊन बसतो. इथं ती घशाला पडलेली कोरड आहे, रात्री झोपायला नसलेली जागा आहे.

1901 सालचा मसूरचा प्रसंग तुम्ही वाचला असेलच. वडील खटाव भागात दुष्काळी कामावरच्या तलावावर खजिनदार होते. भीमा, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी बघायला मिळणार याचा कोण आनंद! वडिलांना पत्र पोचलं नव्हतं, त्यामुळे स्टेशनवर घ्यायला कुणीच नाही. स्टेशनमास्तरनं चौकशी केली, मुलानं सरळ जात सांगितली, आणि मघापर्यंत चांगला बोलणारा माणूस पाच पावलं मागे सरला. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं पायी चालणार. डब्यात जेवण होतं. प्यायला पाणी रात्रभर कुणी दिलं नाही.

माझ्या वर्गातली मुलं मसूरचीच आहेत, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची. ते स्टेशन त्यांच्या येण्याजाण्यातलं आहे. तरी हा प्रसंग नुसता वाचून दाखवला तर माना डोलावतात आणि पुढचं पान उलटायची वाट बघतात. चित्र दाखवलं की थांबतात. व्यामांनी आगगाडी सापासारखी काढली आहे. तहानलेल्या भीमाचं धडच मासा झालं आहे. पाण्याबाहेरच्या जिवाची तडफड कुठलाही शब्द न वापरता त्या लहान पोराच्या अंगात आली. तहान दाखवायची म्हटलं की आपण कोरडे ओठ काढू, कपाळावर घाम काढू, फार तर रिकामा तांब्या काढू. या दोघांना तसलं काही काढावं लागलं नाही, कारण त्यांच्या चित्रपरंपरेत माणूस, जनावर, झाड यांच्या मधे पक्की भिंत नसतेच.

ही परंपराही थोडी समजून घ्यायला हवी. परधान हे गोंडांचे गायक आणि वंशकथा सांगणारे. बाना हे वाद्य वाजवत बडादेव या गोंडांच्या मोठ्या देवाची आणि गोंड राजांची गाणी यजमानांच्या दारी गायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे परधान वस्ती आहे, तिकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. कागदावरचं परधान चित्र मात्र गेल्या चार दशकांतलं. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवन या कलासंस्थेत आले, चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना हुडकून आणलं, आणि त्यांच्यामागून त्यांचं सगळं गणगोतच चितारी झालं. गाण्यातली गोष्ट रेषेत उतरली. प्रत्येक चित्रकाराची पोत भरायची स्वतःची खूण असते. कुणी बारीक ठिपके, कुणी छोट्या कमानी, कुणी बियांसारख्या रेघा. भिंग घेऊन एक इंच जागा बघा, एकाही रेघेत घाई दिसत नाही. मी सातवी-आठवीच्या मुलांना हा सराव देते तेव्हा पाच मिनिटांत त्यांचे हात दुखायला लागतात, मग त्यांना कळतं की एक पान म्हणजे किती तासांची बैठक असेल.

आता चौकटी. चित्रकथा म्हटलं की चौकोनी घरं आलीच. डावीकडून उजवीकडे एक-एक घर वाचत जायचं. व्यामांनी ही घरं नाकारली. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, त्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, अशी त्यांची भूमिका पुस्तकाच्या शेवटी दिली आहे. घरांच्या जागी त्यांनी दिग्ना वापरला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात ती भौमितिक नक्षी. तिचे वळणदार पट्टे शेताच्या बांधासारखे पानातून फिरतात आणि प्रसंग आपोआप वेगळे होतात. कलासमीक्षक जॉन बर्जर यांच्या प्रस्तावनेतही या मोकळेपणाचं मनापासून स्वागत आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसाला आयुष्यभर अमुक रेषेच्या बाहेर थांब असं सांगितलं गेलं, त्याची गोष्ट चौकोनात बंद करून सांगणं विचित्रच झालं असतं.

बोलण्याचे फुगे हा या पुस्तकातला माझा सगळ्यात आवडता भाग. साध्या, सरळ माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आहे. जातीचा विखार ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या मनात केलेल्या विचाराला डोळा. एकदा मी काही पानांच्या झेरॉक्स काढून सगळा मजकूर कागदाच्या पट्ट्यांनी झाकला आणि मुलांना विचारलं, यात वाईट कोण बोलतंय? इंग्रजीचा अडसर नव्हता, शब्दच नव्हते. पटापट बोटं ठेवली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, तोंडावरून काय कळत नाय, पण बोलण्याला नांगी हाय.” त्यानं गोंड चित्राचं मर्मच सांगितलं. या चित्रांत चेहरे अभिनय करत नाहीत. मोठे डोळे, बाजूनं काढलेली नाकं, भाव जवळजवळ नाहीत. आपल्या सवयीच्या चित्रकथांत दुष्ट माणूस भुवया आक्रसून, दात विचकून येतो आणि मुलांची समजूत होते की दुष्टपणा चेहऱ्यावर दिसतो. ‘भीमायन’मधला स्टेशनमास्तर चारचौघांसारखाच दिसतो. नांगी आहे ती त्याच्या वाक्याला. जात अशीच चालते, सभ्य चेहऱ्यांनी.

महाडच्या पानांवर ध्वनिक्षेपकातून निघणारा आवाज पाण्याच्या शिंतोड्यांसारखा गर्दीवर पडतो. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर हजारो माणसं ओंजळ घेऊन उतरली, त्याआधी सभेत त्यांनी जे ऐकलं तेही पाणीच होतं, असं हे चित्र सांगतं. इथं मी मुलांना पुस्तकाबाहेरचंही थोडं सांगते. मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला होता, त्यानुसार महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये तळं सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळं होतं. तरी त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती आणि माणसं पिऊ शकत नव्हती. सत्याग्रहानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, दावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. हे सांगितलं की ते पाण्याचे थेंब मुलं पुन्हा नीट बघतात.

बडोद्याचा भाग मला सगळ्यात जड जातो. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला माणूस, आणि राहायला खोली मिळत नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, काही दिवसांत काठ्या घेतलेला घोळका जिन्यावरून वर आला. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. व्यामांनी त्यांचं शरीरच बाग करून टाकलं आहे. निवारा न मिळालेला माणूस स्वतःच जागा झाला. या एका चित्रासाठी मी पुस्तकाची किंमत मोजायला तयार आहे. प्रवासाच्या भागात 1929 चा चाळीसगावचा टांगा आहे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना, मग वस्तीतल्याच एका माणसानं, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, तो हाकला. पुढं मोरीवर अपघात झाला. ही पानं मात्र मी भराभर उलटते. मसूर आणि बडोद्याइतकी ती मनात रुतत नाहीत.

जे खटकलं तेही लिहिलं पाहिजे. या सगळ्या आठवणींना एक आजच्या काळातला धागा जोडला आहे. बसची वाट बघणारी दोन माणसं आरक्षणावरून बोलू लागतात आणि त्यातून बाबासाहेबांची गोष्ट उलगडते. मधेमधे अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्या येतात, 2006 च्या खैरलांजी हत्याकांडाचाही संदर्भ आहे. बातम्या हव्यातच. नाहीतर वाचणारा ‘पूर्वी असं होतं’ म्हणून मोकळा होतो. पण ते संभाषण पुस्तकी आहे. एकानं चुकीचं मत मांडायचं, दुसऱ्यानं माहिती देऊन ते खोडायचं. चित्रं जिथं वाचणाऱ्यावर एवढा विश्वास टाकतात तिथं हे शब्द त्याला बोट धरून नेतात. वाक्यं निम्मी केली असती तरी चाललं असतं.

दुसरं, मजकुराची इंग्रजी. बाबासाहेबांच्या मूळ आठवणी इंग्रजीत असल्यामुळे निवेदनाबद्दल तक्रार नाही. पण गाडीवान, स्टेशनमास्तर, शाळेतला शिपाई यांची बोलणी इंग्रजीत वाचताना सातारी कान उपाशी राहतात. वर्गात मी ती आमच्या बोलीत म्हणून दाखवते, तेव्हाच मुलांना ती माणसं ओळखीची वाटतात. एखाद्या मराठी लेखकानं, तेही या मुलुखाची बोली अंगात असलेल्यानं, हे संवाद नव्यानं लिहावेत अशी माझी फार इच्छा आहे. चित्रांतली झाडं आणि जनावरं मात्र मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीच्या जंगलातली आहेत, आमच्या कृष्णाकाठची नाहीत, असं एका सहकाऱ्यानं म्हटलं तेव्हा मला ते पटलं नाही. परधान चितारी बाबासाहेबांची गोष्ट आपल्या रानात घेऊन गेले, यात गोष्टीचं मोल वाढलंच.

घेणार असाल तर थोडं व्यवहाराचं. खैरलांजीचा उल्लेख असल्यामुळे आठवीच्या खालच्या मुलांच्या हातात एकट्यानं देऊ नका, शेजारी बसून दाखवा. पहिल्यांदा मजकूर वाचूच नका, नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. मग बाराव्या खंडातल्या मूळ आठवणी वाचा, त्या फार थोड्या पानांच्या आहेत. आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घ्या. शाळेसाठी घेताना ते चरित्रांच्या कपाटात कुलपाआड ठेवू नका. आमच्याकडे एक प्रत ग्रंथालयात आहे आणि एक चित्रकलेच्या खोलीत, वॉटर कलरच्या डब्यांशेजारी. ग्रंथालयातली अजून कोरी करकरीत आहे. माझ्या खोलीतलीचे कोपरे दुमडलेत, मसूरच्या पानावर रंगाचं बोट उमटलंय, आणि पुढच्या वर्षी मला तिसरी प्रत मागवावी लागणार आहे.