ग्रेडलसाठी स्वतःचं प्लगिन लिहिण्याची सोय, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं छान, पण तो सामायिक क्लासपाथ (लायब्ररी जिथून उचलल्या जातात ती यादी)!

ग्रेडल म्हणजे जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल, त्याहून जास्त सांगत बसत नाही. आम्ही सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. मालाचे साइज, जीएसएम (कापडाचं वजन), जीएसटीचे एचएसएन कोड यामल फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, असतात. त्यावरून जावा क्लास तयार करणारं आमचं प्लगिन पावसाळ्यापासून सगळ्या प्रोजेक्टांत चालू आहे. 'जावा-ग्रेडल-प्लगिन' लावलं की ग्रेडलचा एपीआय आणि टेस्टकिट (प्लगिन तपासायची साधनं) आपोआप येतात, इथपर्यंत तक्रार नाही.

दिवाळीनंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रोजेक्टचा बिल्ड एकाएकी बंद पडला. नोसचमेथडएरर! यामल वाचणाऱ्या स्नेकयामल लायब्ररीतल्या सेफकन्स्ट्रक्टर क्लासचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर सापडत नाही म्हणे. आमच्या कोडमध्ये एक ओळ बदललेली नव्हती. तिथल्या पोराने फक्त रिपोर्ट काढणारं दुसरं एक प्लगिन त्याच बिल्ड स्क्रिप्टमध्ये जोडलं होतं.

प्लगिनांच्या लायब्ररी दाखवणारा 'बिल्डएन्व्हायर्नमेंट' टास्क चालवला तेव्हा उलगडा झाला. आम्ही स्नेकयामल 1.33 वर, आणि त्या दुसऱ्या प्लगिनने 2.0 ओढून आणलेलं. एका बिल्ड स्क्रिप्टमधल्या सगळ्या प्लगिनांचा क्लासपाथ एकच असतो आणि दोन आवृत्त्या भिडल्या की ग्रेडल वरची उचलतं. 2023 मध्ये आलेल्या 2.0 ने तो कन्स्ट्रक्टर काढून टाकलाय, आता त्याला लोडरऑप्शन्स (सेटिंगचा ऑब्जेक्ट) द्यावेच लागतात.

याचा राग मला अजून आहे. प्लगिन आमचं, त्याची चाचणी आम्ही केलेली, आणि ते कोणत्या लायब्ररीवर चालणार हे ठरवणार शेजारचं प्लगिन! मेव्हन या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये प्रत्येक प्लगिनला स्वतःचा क्लास रेल्म, म्हणजे लायब्ररींचा वेगळा कप्पा, मिळतो, तिथे ही भानगड सहसा होत नाही. लोडरऑप्शन्स देऊन एका ओळीत दुरुस्ती होत होती, ती लगेच केली. पण आज स्नेकयामल, उद्या ग्वावासारखी दुसरी लायब्ररी. प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाचा फोन येणार आणि निस्तरायचं आम्ही, तेही फुकट. तेव्हा हे परीक्षण लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते.

मग ग्रेडलचा वर्कर एपीआय (काम वेगळं काढून चालवायची सोय) नीट वाचला आणि मत बदललं. आता स्नेकयामल आमच्या प्लगिनमध्ये फक्त 'कंपाइलओन्ली' आहे, म्हणजे कंपाइल करतानाच लागतं, प्लगिनबरोबर जात नाही. प्लगिन स्वतःचं एक कॉन्फिगरेशन (लायब्ररींची वेगळी यादी) तयार करतं, 'डिफॉल्टडिपेंडन्सीज'मधून त्यात आम्हाला हवी ती आवृत्ती टाकतं, आणि यामल वाचायचं काम 'क्लासलोडरआयसोलेशन'मध्ये, बाकी प्लगिनांपासून वेगळं, त्या क्लासपाथवर चालतं. कुणाला दुसरी आवृत्ती हवी असेल तर तो आपल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये बदलू शकतो. प्रोसेस आयसोलेशनही आहे, पण ते वेगळं जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) उभं करतं. आमची मशिनं 8 जीबीची, ग्रेडलची मागे चालू राहणारी प्रोसेस, डेमन, आधीच बसलेला, वर कोड लिहायचा आयडीई. एवढ्या कामासाठी ती रॅम मी खर्च करणार नाही.

एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. प्लगिन 'प्लगिनमॅनेजमेंट'मध्ये लिहिलेल्या रिपॉझिटरीतून (लायब्ररींच्या ऑनलाइन साठ्यातून) येतं, पण हे नवं कॉन्फिगरेशन वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टच्या रिपॉझिटरीतून सोडवलं जातं. तिथे मेव्हन सेंट्रल हा सार्वजनिक साठा लिहिलेला नसेल तर बिल्ड पुन्हा अडकतो. आमच्या सूचनांच्या कागदावर आता हीच ओळ सगळ्यात वर आहे.

बाकी थोडक्यात: दुसऱ्या प्लगिनच्या क्लासना हात लावायचा असेल तर तेही 'कंपाइलओन्ली'च ठेवा. जावामध्येच भागत असेल तर छोट्या कामासाठी लायब्ररी ओढू नका. आम्ही अशा बऱ्याच काढून टाकल्या आणि नव्या मशिनवरचं पहिलं डाउनलोडही कमी झालं. ग्रेडल आपोआप उतरवणाऱ्या रॅपरमध्ये सोर्स-डॉक्ससकटच्या 'ऑल' ऐवजी 'बिन' ठेवा, डेटा वाचतो.

आता चार स्टार. पाचवा त्या सामायिक क्लासपाथसाठी कापलाय, आणि ग्रेडलमध्ये मेव्हनसारखा वेगळेपणा न मागता मिळेपर्यंत तो देणार नाही.