जुन्या जीपचा मागचा अ‍ॅक्सल: भंगारातला, पेटीबंद की लोकल?

चाळीसच्या पुढे मागून 'ऊंऽऽ' असा आवाज आणि पाय उचलला की शांत. मेकॅनिक म्हणतो, "क्राउन-पिनियन गेलं." म्हणजे चाकांना फिरवणारी, अ‍ॅक्सलच्या पोटातली मोठ्या-छोट्या दातेरी चाकांची जोडी. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत फेरी. समोर तीन प्रकारचा माल येतो: भंगारातल्या गाडीचा उतरवलेला, ग्रीस-कागदात वर्षानुवर्षं पडून राहिलेला पेटीबंद, आणि आत्ता बनवलेला लोकल. माझी जीप महिंद्राची विलीज घाटणीची, सीजे-थ्री-बी. त्यामुळे हिशोब तिचाच सांगतो.

क्राउन-पिनियनसाठी मी डोळे झाकून नव्यामागे धावत नाही. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळे असतील तर दुकानदार काहीही म्हणो, परत फिरायचं. लोकल जोडी बसवायची तर शिमा (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, नेमकी बसवणारा जुना हात हवा, आणि असे हात आता मोजकेच. उलट भंगारातला अख्खा अ‍ॅक्सल मिळाला तर सेटिंग आयतंच येतं. ऑइल बोटांवर चोळून पाहा. लोखंडाची चमक दिसली तर सोडून द्या.

पण दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. ८ आणि ४३ दातांची जोडी म्हणजे ५.३८ चं गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे, म्हणजे छोट्या दातेरी चाकाचे, ५.३८ फेरे), ८ आणि ३९ ची म्हणजे ४.८८. झाकण उघडू देत नसतील तर दोन्ही हब (ज्यांवर चाकं बसतात ते) एकत्र बरोबर एक फेरा फिरवायचे आणि पिनियनच्या फ्लँजवर (बाहेरच्या तबकडीवर) खडूची खूण करून तिचे फेरे मोजायचे. पाचाच्या पुढे गेलं तर ५.३८, पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८. पुढच्या अ‍ॅक्सलशी हे जुळलं नाही तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) बोंबलते.

हाफ शाफ्टला, म्हणजे एकेका चाकाला फिरवणाऱ्या दांड्याला, मात्र भंगार नको. याचं बाहेरचं टोक निमुळतं, त्यावर चावीने (लोखंडी पाचरीने) हब बसतो. जुन्यात चावीची खाच हमखास रुंदावलेली असते. पेटीबंद मिळाला तर थोडे जास्त मोजून घ्या, पण स्प्लाइन (आतल्या टोकावरच्या उभ्या खाचा) मोजून: जुने दहाचे, नंतरचे एकोणिसाचे, एकमेकांत बसत नाहीत. लोकल घ्यायचाच तर टोकाला नीळ लावून हब दाबून फिरवा. निळा डाग सगळीकडे सारखा उमटायला हवा. एका कडेलाच उमटला तर हब महिनाभरात खिळखिळा होणार.

बेअरिंग आणि ऑइल सील चांगल्या कंपनीचेच नवे. यात तुलना कसली.

नट-बोल्टचं गणित क्राउन-पिनियनच्या नेमकं उलटं. इथे भंगारातलं काहीच घ्यायचं नाही, अ‍ॅक्सल पाट्यांना आवळून धरणारा यू-बोल्ट तर अजिबात नाही, कारण एकदा ताणून आवळलेला तो पुन्हा तसा धरत नाही. डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड पाच, सहा रेघा म्हणजे ग्रेड आठ. मिलिमीटरच्या बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असतं. कोऱ्या डोक्याचा बोल्ट घेऊ नका.

खरा घोळ आट्यांचा. जीप सुतातली, म्हणजे तीन सुती, चार सुती. बाजार मात्र मिलिमीटरचा. चाकाचा स्टड चार सुती, म्हणजे अर्धा इंच, इंचाला वीस आटे. त्या जागी कुणी १२ मिमीचा १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) स्टड ठोकला असेल तर जुना नट त्यावर सुरेख फिरत जातो, कारण पिच जवळपास सारखंच. पण जाडीत ०.७ मिमीचा फरक आहे. आटे जेमतेम टोकांनी धरतात, आणि नीट आवळायला गेलं की नट गरगर फिरतो. व्हर्नियर खिशात ठेवा: १२.७ दिसलं पाहिजे.

आणि जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. मी पान्याला पाइप लावून दोन तोडले, तेव्हा कुठे टोकावरचा 'एल' दिसला.