मन थाऱ्यावर नसताना शिडाची बोट: एकट्याची डिंगी, चौघांची कीलबोट की लांबचा प्रवास?

शिडाच्या बोटीने ताण कमी होतो का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण ते ऐकून कुणी थेट पाण्याकडे निघालं, तर मी आधी हात धरून विचारेन: ताण कसला आहे? डोक्यात तेच तेच विचार फिरत राहतात, असा? की दमणूक, एकटेपणा, कुणी गेल्याचं दुःख? दोन्हींना लागणारी बोट वेगळी असते. वडिलांच्या शेवटच्या आजारपणाच्या वर्षी मी डिंगीतही (लहान, हलकी शिडाची होडी) बसले आणि कीलबोटीवरही (तळाला जड पातं असलेली मोठी शिडाची बोट) गेले. त्यातली एक माझ्यासाठी चुकीची होती, आणि ते कळायला मला दोन महिने लागले.

आधी डिंगी. जगभर सगळ्यात ओळखीची एकट्याची डिंगी म्हणजे लेझर. तिला आता इल्का म्हणतात. लांबी 4.23 मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन साधारण 59 किलो, मोठं शीड 7.06 चौरस मीटरचं. त्याच सांगाड्यावर 5.76 आणि 4.7 चौरस मीटरची लहान शिडंही चढवता येतात, त्यामुळे हलक्या वजनाच्या माणसालाही ती झेपते. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाचा दोर, आणि तुम्ही बोटीच्या काठावर बसलेले. वाऱ्याचा झोत आला की अंग बाहेर झोकायचं, दोर थोडा सोडायचा, झोत सरला की परत आत यायचं. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांच्या पट्ट्यात शीड नुसतं फडफडतं. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला जायचं तर नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर बूमखालून (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) डोकं वाकवून दुसऱ्या काठावर सरकावं लागतं.

इतकं सगळं चालू असताना बँकेचा हप्ता किंवा वरिष्ठांचं बोलणं आठवायला जागाच उरत नाही. डोक्यातलं चक्र थांबवायला डिंगीइतकं परिणामकारक मला दुसरं काही सापडलेलं नाही. 'विचार करू नकोस' असं मनाला सांगून ते ऐकत नाही. वाऱ्याचं ऐकतं, कारण न ऐकल्यास बोट पालथी होते. दोन तासांनी किनाऱ्यावर आलात की विचार परत येतात, हे खरं. पण अंग इतकं दमलेलं असतं की त्या रात्री झोप लागण्याची शक्यता चांगली असते, आणि वाईट काळात एक सलग झोपसुद्धा मोठी मिळकत असते.

मग माझ्यासाठी ती चुकीची का ठरली? कारण मी रात्र रात्र जागत होते. झोप न झालेल्या माणसाचे हात उशिरा हलतात. वारा मागून असताना शीड अचानक बाजू बदलतं तेव्हा बूम डोक्यावर येते, आणि चुकवायला क्षणभरच मिळतो. शिवाय डिंगी उलटतेच. तो अपघात नसतो, शिकण्याचाच भाग असतो: आडव्या झालेल्या बोटीच्या डॅगरबोर्डवर (तळातून पाण्यात उतरणारी फळी) उभं राहायचं, काठ धरून मागे रेलायचं, आणि शीड पाण्यातून हळूहळू वर येतं. धीर शाबूत असलेल्या माणसाला यातून जिंकल्यासारखं वाटतं. मी त्या दिवसांत इतकी खचले होते की तिसऱ्यांदा उलटल्यावर पाण्यातच रडले. आधीच सगळं हातातून निसटत असताना बोटसुद्धा निसटते, असं वाटलं.

कीलबोट या बाबतीत अगदी दुसऱ्या टोकाला आहे. उदाहरण म्हणून जे-24 घ्या: लांबी 7.32 मीटर, वजन साधारण 1,400 किलो, आणि त्यातलं 400 किलोहून जास्त वजन नुसतं पाण्याखाली, तळाच्या जड पात्यात. ती वाऱ्याने कलते, आणि पहिल्यांदा कलल्यावर पोटात गोळा येतो. पण जितकी कलते तितकं ते खालचं वजन तिला परत उभं करायला ओढतं. हे एकदा समजलं की काठावर नुसतं बसणंही जमू लागतं.

खरा फरक मात्र माणसांचा. कीलबोटीवर तुमच्या वाट्याला एखादाच दोर येतो. स्किपर, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, सांगेल तेव्हा सोडायचा, सांगेल तेव्हा विंचवर (दोर ओढायची चरकी) गुंडाळून ओढायचा. कधी वळायचं, कुठे जायचं, परत कधी फिरायचं, यातलं काहीच तुम्हाला ठरवायचं नसतं. घरात दिवसभर औषधं, पैसे, कागदपत्रं ठरवत असलेल्या माणसाला ही केवढी विश्रांती आहे, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. सगळे एकाच काठावर, एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. न बोलणंही सोपं जातं.

वारा पडतो तेव्हा हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. डिंगीत वारा पडला की तुम्ही एकटेच पाण्यावर बसलेले असता, आणि झटकलेले सगळे विचार पाच मिनिटांत परत येऊन शेजारी बसतात. कीलबोटीवर वारा पडला, तेव्हा एकदा स्किपरने काही न बोलता सुकाणू माझ्या हातात दिलं आणि तो पुढे जाऊन बसला. शीड लोंबत होतं, बोट जागच्या जागी होती. शेजारच्या बाईंनी फक्त विचारलं, "घरी कोण आजारी आहे का?" मी कुणाशी वडिलांविषयी नीट बोलले ती पहिलीच वेळ.

कीलबोटीचेही तोटे आहेत. स्किपर आरडाओरडा करणारा असेल तर सगळा फायदा बुडतो, म्हणून शर्यतीच्या बोटीवर खचलेल्या माणसाने जाऊ नये. बोट लागणं इथे जास्त त्रास देतं, विशेषतः आत केबिनमध्ये गेलात तर. बाहेर राहावं, नजर क्षितिजावर ठेवावी. मळमळीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, हे लक्षात असू द्या.

राहिला लांबचा प्रवास, म्हणजे सगळं सोडून आठवडे किंवा महिने समुद्रावर जाणं. कठीण काळात याचीच स्वप्नं सगळ्यात जास्त पडतात, आणि मी याच्याच विरोधात आहे. 1968-69 साली एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एकटेच ती पूर्ण करू शकले. बर्नार्ड मोइतेसिए यांनी शर्यत अर्ध्यावर सोडली आणि ते ताहितीपर्यंत पुढेच जात राहिले, कारण समुद्रावर त्यांना आनंद मिळत होता. त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्राउहर्स्ट यांच्या डोक्यावर धंद्यातल्या अडचणींचं ओझं होतं. ते खोटी ठिकाणं कळवत राहिले, आणि जुलै 1969 मध्ये त्यांची बोट रिकामी सापडली. मोइतेसिए समुद्रात मुरलेले नाविक होते. क्राउहर्स्ट जमिनीवरचा घोर बरोबर घेऊन गेले होते, आणि तो घोर महिनोन्महिने त्या बोटीत त्यांच्यासोबत राहिला. एकट्याचं सोडा, चारजणांच्या बोटीवरही रात्री पाळीपाळीने जागावं लागतं. तीन-चार तासांच्या तुकड्यांत झोपणं निरोगी माणसालाही जड जातं. संकट ओसरल्यावर जरूर जा.

सुरक्षिततेबद्दल थोडं. सुरुवातीला ब्यूफोर्ट मोजणीतला 2 किंवा 3 जोराचा वारा पुरे, म्हणजे 10 नॉटपर्यंत, ताशी साधारण 18 किलोमीटर. पाण्यावर सगळीकडे पांढरे फेसाळ माथे दिसू लागले की डिंगी किनाऱ्यावरच ठेवा. पाणी 15 अंश सेल्सिअसहून थंड असेल तर पडल्यापडल्या श्वास ताब्यात राहत नाही, म्हणून वेटसूट (पाण्यात अंग उबदार ठेवणारा घट्ट पोशाख) हवाच. डिंगीत 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) तरंगतं जॅकेट चालतं, कारण हालचाल करायची असते आणि मदत जवळ असते. खोल पाण्यातल्या कीलबोटीवर 150 न्यूटनचं लाइफ जॅकेट घ्या. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर फिरवण्यासाठी ते बनवलेलं असतं.

मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच जा. लिथियम घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आणि जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर एकट्याने बोटीत बसू नका. आधी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा, बोट नंतर.

तेव्हा विचार थांबत नसतील, पण झोप आणि भूक ठीक असेल, तर डिंगी. तीही शिकवणाऱ्याच्या बोटीच्या नजरेत राहून. दमलेले असाल, दुःखात असाल, किंवा कुठलं दुखणं आहे तेच कळत नसेल, तर दुसऱ्याच्या कीलबोटीवर क्रू म्हणून जा. निघण्याआधी स्किपरला एवढंच सांगा: "सध्या दिवस बरे नाहीत, मला एक दोर द्या आणि तो कधी ओढायचा ते सांगा." चांगला स्किपर पुढे काही विचारणार नाही.