प्लायवुडचं उभं टेबल: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये उभ्यानं काम करायला स्टँड करून घेतला, तेव्हा ऑफिसात पहिलाच प्रश्न आला, "काय वं, कुणी शिक्षा केलीय का?" आता फेब्रुवारी चालू आहे. शिक्षा नव्हती, पण सुरुवातीचे दोन महिने तसंच वाटलं, हे आधी कबूल करतो.

मी साताऱ्यात सदर बझारला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. आमच्याकडे महिना कॅलेंडरवर नाही, तारखांवर चालतो. ११ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न आर-वन, २०ला कर भरायचं थ्री-बी, जुलै आला की इन्कम टॅक्सची रिटर्नं. त्या दिवसांत खुर्चीतून उठायचं ते जेवायला, नाहीतर एखादी पार्टी फायली घेऊन दारात उभी राहिली म्हणून. बावीस वर्षं असं बसल्यावर कंबर धरली. मे महिन्यात रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर आहात.

मोटरवर वरखाली होणारी टेबलं ऑनलाइन बघितली आणि किमती बघून मोबाइल बाजूला ठेवला. मग ओळखीच्या मिस्त्रींना गाठलं. खिडकीजवळ फायलींचं बुटकं कपाट आहे, ३० इंच उंच. त्यावर प्लायचा स्टँड बसवायचा, असं ठरलं. मिस्त्रींनी मला कोपरात हात वाकवून उभं केलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला. साडेएक्केचाळीस इंच. त्या हिशेबानं फळी कपाटापासून ११ इंचांवर आली. स्टँड आणि पुढं लागलेला वेगळा कीबोर्ड, माउस मिळून २,८०० रुपये.

माप घेताना मिस्त्री म्हणाले, "सायेब, उभं राहून तब्येत झाली असती तर आमी पैलवान झालो असतो की." आणि लेंगा वर करून पोटरी दाखवली. निळ्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. तीस वर्षं रंधा मारतायत. मी हसलो आणि ऑर्डर दिली. तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

पहिली चूक माझी. एकच फळी करून घेतली होती आणि त्यावर लॅपटॉप ठेवून टायपिंग. हात बरोबर उंचीवर, पण स्क्रीन खाली. पंधरा दिवसांत कंबर सुटली आणि मान धरली. मग १० इंच वर दुसरी फळी ठोकून घेतली. लॅपटॉप वर, कीबोर्ड खाली. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली की मान आपोआप सरळ होते. लॅपटॉपवाल्यांनी वेगळा कीबोर्ड घ्यायचा नसेल तर या भानगडीत पडूच नये.

दुसरी चूक उत्साहाची. जुलैत एकदम चार-चार तास उभा राहिलो. टाचा ठणकायला लागल्या. काथ्याचं पायपुसणं घातलं, त्यानं फक्त तळव्यांना खाज सुटली. बायकोची जुनी योगा मॅट चौपदरी घातली, ती आजही आहे. त्यातही एका जागी खिळून राहिलं की पाय जड होतात, म्हणून खाली सहा इंची ठोकळा ठेवलाय, एक पाय आळीपाळीनं त्यावर. पानाच्या टपरीसमोर लोक कठड्यावर पाय ठेवून का उभे राहतात, ते आत्ता कळलं.

आता मुख्य मुद्दा, कारण हे ऐकून कुणी पैसे घालेल. वजन कमी होईल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. २०१८च्या एका संशोधनात बसणं आणि उभं राहणं यांतला फरक काढलाय, मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी. सहा तास उभं राहिलात तर ५४. आमच्याकडचा एक कंदी पेढा खाल्ला की हिशेब उलटा.

मग उपयोग कशाचा? जागा बदलण्याचा. लॅपटॉप चार्जरमधून काढायचा, उचलून खिडकीशी न्यायचा, पुन्हा आणायचा. मी दिवसातून सात-आठ वेळा हे करतो. १९५३ साली लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास छापून आला होता. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. हे वाचल्यापासून एसटीत बसलो की मी कंडक्टरकडेच बघत बसतो. माणूस नुसता उभा नसतो, सारखा पुढंमागं हलत असतो.

कामंही वाटून घेतलीत. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघायची असली की उभ्यानं, डोळे स्क्रीनवरच असतात. फोन सगळे व्हरांड्यात फेऱ्या मारत. व्हाउचर एंट्री मात्र बसून, कारण बिलांचा गठ्ठा ठेवायला स्टँडवर जागाच नाही. आणि ताळेबंद जुळत नसेल तर मला उभ्यानं डोकं चालत नाही, खुर्चीच लागते. हा स्वभावाचा भाग असेल.

तक्रारी आहेत. पैसे वाचवायला साधा कमर्शियल प्लाय घेतला. साताऱ्याचा पावसाळा, त्यात खिडकीजवळ. ऑगस्टमध्ये खालची कड फुगून पापुद्रे सुटले, स्क्रू ढिले झाले आणि टाइप करताना वरचा लॅपटॉप डुलायला लागला. चांगला वॉटरप्रूफ प्लाय घ्यायला हवा होता. आणि २०ची तारीख जवळ आली की स्टँडवर फायली साठतात, चार दिवस तो नुसतं कपाटच होतो. अजून तसंच आहे.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासलं, ५.८. पण श्रेय स्टँडला देणार नाही. मधल्या काळात चहा दिवसाला पाचचे दोन केले आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला लागलो. रविवारी गोडोलीतून अजिंक्यताऱ्यावर. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेत कठड्यावर बसलो होतो, बाजूनं सत्तरीच्या आजी गप्पा मारत वर गेल्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझा तो भाग चालण्यातून होतो, स्टँडमधून नाही. स्टँडमुळं कंबर मोकळी राहते आणि संध्याकाळी गडाकडं बघून कंटाळा येत नाही, एवढंच म्हणेन. आमच्या गावात दरवर्षी हजारो लोक यवतेश्वरच्या घाटात २१ किलोमीटर पळायला येतात, त्यांच्यापुढं आमचं हे म्हणजे काहीच नाही.

पुन्हा घ्यायचा झाला तर घेईन. प्लाय चांगला, वरची फळी जास्त रुंद आणि बाजूला बिलांसाठी एक तिरकी पट्टी.

ती पट्टी बसवायला आणि फुगलेली कड बदलायला मिस्त्री परवा आले होते. काम झालं, चहा आला. मी सवयीनं कप घेऊन स्टँडपाशी उभा. मिस्त्री माझ्या खुर्चीत टेकले, पाय लांब केले आणि म्हणाले, "आता हितनं मला उठवू नका."