नागपुरात पहिले वर्ष: वसतिगृह, भाड्याची खोली की रोजचे अपडाऊन?

बारावीचा निकाल आणि प्रवेशाच्या याद्या यांच्या धावपळीत राहायचे कुठे हा निर्णय बहुतेक घरांत घाईनेच उरकला जातो. वर्धा, भंडारा, काटोल, उमरेड, रामटेक या भागांतून नागपूरला शिकायला येणाऱ्यापुढे वसतिगृह, भाड्याची खोली आणि घरूनच अपडाऊन अशा तीन वाटा असतात आणि चर्चा होते ती खर्चाची. खर्च महत्त्वाचा आहेच. पण नवा विद्यार्थी किती लवकर रुळतो हे मुख्यतः शेवटचा तास सुटल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ तो कुठे आणि कोणाबरोबर घालवतो यावर ठरते, असे माझे मत आहे. म्हणून ही तुलना मी त्याच अंगाने करतो.

मी स्वतः पहिले सत्र वर्ध्याहून अपडाऊन केले. अंतर सुमारे ७५ किलोमीटरचे, गाडी मिळाली की सव्वा-दीड तासाचे. परंतु घर ते स्टेशन, स्टेशन ते कॉलेज आणि गाडीची वाट पाहणे धरले तर दिवसाचे चार-साडेचार तास जात. घरचे जेवण मिळे, आजारपणात आई जवळ असे आणि घराची आठवण येण्याचा प्रश्नच नव्हता. नुकसान कुठे झाले ते मला दिवाळीनंतर कळले. प्रॅक्टिकल साडेचारला संपे, बाकीची मुले फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर थांबत आणि मी पाचची गाडी गाठायला निघे. जर्नल कोणत्या तारखेला तपासून घ्यायचे, तोंडी परीक्षेत कोणते प्रश्न येतात, जुन्या प्रश्नपत्रिका कोणाकडे आहेत, हे सगळे त्या टपरीवर ठरे. जर्नलची तारीख दोन दिवस अलीकडे आल्याचे मला त्याच दिवशी सकाळी वर्गात कळले. माझ्या जर्नलच्या खालच्या कोपऱ्यावर डब्यातल्या भाजीच्या तेलाचा पिवळा डाग पडलेला होता आणि शेवटची तीन प्रात्यक्षिके कोरी होती.

आता परिस्थिती काहीशी सोपी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यापासून नागपूर रेल्वे स्थानकावरून शंकरनगर, सुभाषनगर या बाजूला गाडी न बदलता जाता येते, आणि एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. तरीही माझी मर्यादा स्पष्ट आहे: घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत एका तासात पोहोचता येत असेल तरच अपडाऊन करावे. कामठी किंवा हिंगण्याहून ते जमते, भंडाऱ्याहून जमवावे लागते. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे दुसरा पर्यायच नाही त्यांनी आठवड्यातून निदान एक रात्र वर्गमित्राच्या खोलीवर मुक्काम करावा.

वसतिगृहात ही टपरी चोवीस तास घरातच असते. शेजारच्या खोलीत दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असतो, रात्री ताप चढला तर दार वाजवायला माणूस असतो, आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा जवळ आली की आपोआप सगळा मजला अभ्यासाला लागतो. गोंगाट, एकाच चवीची भाजी आणि फाटकाच्या वेळा हे त्रास खरे आहेत. मुलींच्या वसतिगृहात फाटक लवकर बंद होत असेल तर संध्याकाळच्या अभ्यासिकेचा उपयोग होत नाही, हे आधी विचारून घ्यावे. रॅगिंगची भीती पालकांना वाटते. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि तक्रार करायला संकोच करू नये.

शासकीय वसतिगृहात राहणे व जेवण मोफत असते, परंतु प्रवेश गुणवत्तेनुसार होतो आणि यादी अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर लागते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांची सोय वेगळी करावी लागते. यादीत नाव आले नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी सावित्रीबाई फुले आधार, अशा बाहेर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजना आहेत. कागद गोळा करायला वेळ लागतो, तेव्हा जातीचा व उत्पन्नाचा दाखला गावाहून निघतानाच सोबत ठेवावा.

भाड्याच्या खोलीत मोकळीक सर्वांत जास्त आणि पहिल्या वर्षी तीच सर्वांत जड जाते. उठवायला कोणी नसते, सकाळचे तास बुडू लागतात आणि ७५ टक्के उपस्थितीची अट सत्राच्या शेवटी समोर उभी राहते. मेसचा डबा आठवडाभर येतो, पण बहुतेक ठिकाणी रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. शहरात ओळख नसलेल्या मुलाला घराची आठवण नेमकी त्याच वेळी येते. म्हणून एकट्याने खोली घेऊ नये, वर्गातल्याच एकदोघांबरोबर घ्यावी आणि कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर असावे. विद्यापीठाचे मोठे आवार अमरावती रस्त्यावर असले तरी पदवीचे बहुतेक विद्यार्थी शहरभर विखुरलेल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात, तेव्हा आपले वर्ग कुठे भरतात ते पक्के झाल्याशिवाय खोलीची अनामत देऊ नये.

त्यामुळे पसंतीक्रम विचाराल तर आधी वसतिगृह, ते न मिळाल्यास दोघातिघांची खोली, आणि तासाभराच्या आतले असेल तरच अपडाऊन. घरापासून कधीही दूर न राहिलेल्या मुलाने खोलीचा पर्याय दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवला तरी चालेल.

खोली घ्यायचीच असेल तर ती जूनच्या पहिल्या पावसानंतर गारव्यात पाहून भुलू नये. वर थेट स्लॅब असलेली खोली मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते आणि विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा त्याच दिवसांच्या आसपास येते. खिडकीला कूलर बसतो का, त्याचे वीजबिल कोण भरणार आणि उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते, हे तीन प्रश्न घरमालकाला विचारावेत, आणि त्याच इमारतीत मागच्या उन्हाळ्यात राहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही विचारावेत.