थ्रॉटलस्टॉप : लॅपटॉपचा गळा कोणी धरलाय ते दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर

इचलकरंजीत आमचं लग्नाच्या अल्बमचं काम आहे. करिझ्मा अल्बमचं एक पान उघडायला मिनिट लागायला लागलं की तुळशीच्या लग्नानंतर आमचं काही खरं नसतं. असा लॅपटॉप यंदा नेमका आमच्या टेबलावर आला. सेकंडहँड घेतलेला, आय५-८३००एच प्रोसेसर, म्हणजे मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत (कामाचा ताण आला की घेतलेल्या वाढीव वेगात) ४ पर्यंत. टास्क मॅनेजरमध्ये मात्र ०.७९. काहीही करा, ०.७९.

दुरुस्तीवाल्यांनी ठरल्याप्रमाणे आधी फॉरमॅट मारला, मग 'प्रोसेसर गेला' म्हणाले. तोवर कुणी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून पाहिला नव्हता. तिथे सिस्टीम लॉगमध्ये 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' नावाने ३७ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती : प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामने) मर्यादित केला आहे. विंडोज बिचारं खरं बोलत होतं, पण फर्मवेअरने असं का केलं ते त्यालाही माहीत नसतं.

ते कळायला थ्रॉटलस्टॉप घेतलं. केव्हिन ग्लिन हा माणूस 'अंकलवेब' या नावाने ते बनवतो. टेकपॉवरअप या वेबसाइटवरून मिळतं, पैसे पडत नाहीत. दिसायला अगदी ओबडधोबड : बारीक अक्षरं, चौकटीच चौकटी, मदतीचा पत्ता नाही. पण त्यातली 'लिमिट्स' ही एक खिडकी सगळं वसूल करते. प्रोसेसरला कशाने रोखलंय ते तिथे दिसतं. आत्ता रोखलं असेल तर लाल, मघाशी रोखलं असेल तर पिवळं. आमच्याकडे 'प्रॉकहॉट' लाल. हा तापल्याचा इशारा, आणि तापमान जेमतेम पन्नाशीत! म्हणजे प्रोसेसर तापलाच नव्हता, बाहेरून कुणीतरी ती तार ओढत होतं. मल्टिप्लायर, म्हणजे मूळ ठोक्याला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा, ८; गुणिले जवळपास १०० मेगाहर्ट्झ; ०.७९ चा हिशेब तिथेच लागला.

बाहेरचा तो 'कुणीतरी' म्हणजे चार्जर. लॅपटॉपसोबत डुप्लिकेट आला होता. काही लॅपटॉपच्या चार्जरला मधे एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख आणि वॅट सांगतो. ओळख पटली नाही तर फर्मवेअर घाबरून वेग खाली आणतं. एरवी चालू करताना तशी सूचना स्क्रीनवर येते. इथे आधीच्या कुणीतरी बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) जाऊन ॲडाप्टरची सूचनाच बंद करून ठेवली होती! कटकट गेली, कारणही झाकलं गेलं. ती सेटिंग चालू केली, त्याच मॉडेलचा १३० वॅटचा ओरिजिनल चार्जर लावला आणि लाल चौकट विझली. मल्टिप्लायर ३५ च्या वर.

आता तक्रार. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'बीडी प्रॉकहॉट'ची, म्हणजे बाहेरून येणारा प्रॉकहॉट ऐकण्याची, खूण काढली की डुप्लिकेट चार्जरवरही वेग परत येतो, आणि यूट्यूबवर सगळे हेच शिकवतात. ताप मोजायला आणलेल्या थर्मामीटरचा पारा झटकून पेशंट बरा झाला म्हणण्यातला हा प्रकार. प्रोसेसरचं स्वतःचं तापमान-संरक्षण त्याने जात नाही हे खरं. पण चार्जरचा किंवा बोर्डावरच्या वीजपुरवठ्याचा इशारा त्याच तारेने येत असेल तर तो ऐकायला कुणी उरत नाही. एवढ्या धोक्याच्या खुणेला सॉफ्टवेअरमध्ये ठळक इशारा हवा होता. शिवाय रीस्टार्ट केलं की खूण पुन्हा जागेवर. कायमची काढायची तर थ्रॉटलस्टॉप आपोआप चालू व्हावं म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये बसवा. मी बसवलं नाही, चार्जर बदलल्यावर गरजच नव्हती.

दुरुस्तीच्या नादात कुणी बायोसमधलं स्पीडस्टेपही (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी सोय) बंद करतं. तसं केलं तर वेगाच्या पायऱ्यांची यादी विंडोजपर्यंत पोचतच नाही, आणि 'फर्मवेअरच्या दोषामुळे पॉवर मॅनेजमेंट बंद' अशी नवीच एरर सुरू होते. तिथे थ्रॉटलस्टॉप नको. बायोसचे डीफॉल्ट लोड करा, तेवढ्यानेच बहुधा भागतं.

व्होल्टेज कमी करून लॅपटॉप थंड ठेवण्यासाठी घेणार असाल तर जपून. डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' ही व्होल्टेजशी खेळून इंटेल प्रोसेसरची सुरक्षा भेदता येण्याची त्रुटी उघड झाल्यावर कितीतरी बायोस अपडेटनी ती सोय कुलूपबंद केली. थ्रॉटलस्टॉपच्या 'एफआयव्हीआर' या व्होल्टेजच्या खिडकीत 'लॉक्ड' दिसलं तर तो नाद सोडा. आणि एएमडीवाल्यांनी डाउनलोडच करू नका, हे फक्त इंटेलवर चालतं. कारण शोधायला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बारीक अक्षरांसाठी कापला, माझा चष्मा दोन नंबरचा आहे.