हायकोर्टाची वारसा फेरी : मी न्या. दावरांसाठी गेले होते

साताऱ्याच्या कोर्टात ३४ वर्षं स्टेनो म्हणून नोकरी केली. साहेब सांगणार, मी पिटमनच्या लघुलिपीत, म्हणजे शॉर्टहँडच्या खुणांत, उतरवून घेणार, संध्याकाळी टाइप करून सहीला ठेवणार, यातच दिवस गेले. त्यामुळे कोर्टात शिरलं की माझी नजर आधी डायसवर, म्हणजे न्यायाधीश बसतात त्या उंच चौथऱ्यावर, जाते. मुंबईला भाचीकडे गेले तेव्हा शनिवारी सकाळी मुंबई हायकोर्ट दाखवणाऱ्या फेरीत नाव घातलं, ते न्यायमूर्ती दिनशा धनजीभाई दावर यांच्यासाठी. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना ज्या जागेवर बसून त्यांनी शिक्षा सुनावली, ती जागा मला बघायची होती.

फेरी चांगली आहे, जरूर घ्या. बरोबरचा मुलगा मराठीत सांगत होता आणि मनापासून सांगत होता. कर्नल फुलरचा आराखडा, १८७८ मध्ये पूर्ण झालेलं बांधकाम, मंजूर रकमेपेक्षा कमी झालेला खर्च, वर उभ्या न्याय आणि दया यांच्या मूर्ती, सगळं नीट दाखवलं. एका डोळ्यावर पट्टी बांधून तराजू धरलेल्या दगडी माकडापाशी मात्र फार वेळ गेला. मुलांना मजा आली, पण तो वेळ पुढे कमी पडला.

मग ४६ नंबरची कोर्टरूम. बाहेर टिळकांच्या उद्गारांची पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते लागलेली. आत उंच छत आणि जुनं लाकूड. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि दिवसामागून दिवस मिळून २१ तासांच्या वर बोलले, हे त्या मुलाने सांगितलं तेव्हा माझं मन एकदम लिहून घेणाऱ्यांकडे गेलं. तासभर सलग डिक्टेशन घेतलं की माझी बोटं बधिर व्हायची. इथे २१ तास, आणि एकेका शब्दावर माणसाची सुटका अवलंबून.

दावरांचं नाव मात्र ‘शिक्षा देणारे पारशी न्यायाधीश’ एवढ्यावरच आटोपलं. हे मला लागलं, कारण खरी गोष्ट त्याच्या आधी सुरू होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांना आधी जामीन नाकारला होता. नंतर न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे अर्ज गेला आणि मंजूर झाला. त्या अर्जावर टिळकांतर्फे उभे होते बॅरिस्टर दावर! ११ वर्षांनी बॅरिस्टर जीनांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला, तेव्हा डायसवर हेच दावर. त्यांनी तो फेटाळला. पुढे ज्युरीतल्या ९ जणांपैकी ७ जणांनी दोषी ठरवलं आणि २२ जुलैच्या रात्री दावरांनी सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड सुनावला.

मधल्या काळात, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं कलम जास्त व्यापक झालं होतं, हे दावरांच्या बाजूने मी मान्य करते. पण शिक्षा सुनावताना त्यांनी टिळकांच्या ‘केसरी’तल्या लेखांमागची बुद्धी रोगट आणि विकृत आहे असं म्हटलं, ते कुठल्याच कलमाने त्यांच्याकडून मागितलं नव्हतं. माझ्यापुढे असं बोलणारे साहेब आले असते तर मी मुकाट्याने लिहून घेतलं असतं. त्या खोलीत उभी असताना तेच डोक्यात घोळत होतं.

१९०८ च्याच नोव्हेंबरमध्ये न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी पारशी पंचायतीच्या खटल्याचा निकाल दिला. आर. डी. टाटांच्या (जे. आर. डी. टाटांचे वडील) फ्रेंच पत्नीने झरथुष्ट्री धर्म स्वीकारला होता, तिला पारशी ट्रस्टांचा लाभ मिळावा का, हा त्यातला एक प्रश्न. धर्म परक्याला आत घेतो, पण हिंदुस्थानातल्या जमातीचा रिवाज घेत नाही, आणि ट्रस्ट पारशांसाठी आहेत, असं त्यांनी ठरवलं. पारशी कोण, या वादात त्या निकालाचा आधार आजही घेतात. तिथल्याच एका डायसवरचा एवढा मोठा निकाल फेरीत यायलाच हवा.

मी हे त्या मुलाला जिन्यात सांगितलं. “काकू, जामिनाचं साल परत सांगा,” म्हणून त्याने हातावरच १८९७ लिहून घेतलं. वही नव्हती त्याच्याकडे.

ओळखपत्र न्या, नाव आधी घाला. जिने बरेच आहेत, गुडघे धरत असतील तर सुरुवातीलाच सांगा, थांबत थांबत नेतात. आणि ४६ नंबरमध्ये पोचलात की पाटी वाचून लगेच मागे फिरू नका, आत जाऊन पाच मिनिटं डायसकडे तोंड करून उभे राहा.